नवीन संगीत नाटकात जुनी बंदिश जशीच्या तशी आली, तर त्याला 'नवं' म्हणायचं का?

पेटीवाली_डोंबिवली

शनिवारी रात्री आमच्या सावित्रीबाई फुले कलामंदिरला एक नवीन संगीत नाटक बघितलं आणि अजून डोक्यातून जात नाहीये. नाव मुद्दाम घेत नाही, प्रयोग नुकतेच सुरू झालेत आणि मला त्यांचं नुकसान करायचं नाहीये, उलट नाटक मला खूप आवडलंय. विषय गिरणी संपाचा, म्हणजे १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला दत्ता सामंतांचा संप, आणि लालबागच्या चाळीतलं एकच कुटुंब. नटमंडळी स्वतः गातात, ट्रॅक अजिबात नाही, समोर पेटी, तबला आणि एक व्हायोलिन. एवढं सगळं जिवंत हल्ली कोण करतं सांगा.

तर मध्यंतरात वड्याच्या रांगेत वाद सुरू झाला. एक सत्तरीचे काका मोठ्यांदा म्हणाले की यात नवीन काय आहे, अर्ध्या चाली आम्ही लहानपणी ऐकलेल्या आहेत, पोरांनी नुसते शब्द बदललेत. त्यांच्या मागे उभी असलेली कॉलेजची मुलगी म्हणाली, काका मी आयुष्यात पहिल्यांदा संगीत नाटक बघतेय आणि मला सगळंच नवीन आहे. मग आणखी चारजण त्यात पडले, तिसरी घंटा झाली तरी कोणी हलेना.

मी तेव्हा मुलीच्या बाजूने होते. पण दुसऱ्या अंकात बायको बंद गिरणीच्या फाटकाशी येते, नवरा तिथेच बसून राहिलाय, घरी यायला तयार नाही, आणि ती गायला लागते. पहिल्याच ओळीला माझी बोटं मांडीवर आपोआप फिरायला लागली, कारण ती चाल म्हणजे भीमपलास रागातली जुनी बंदिश, 'जा जा रे अपने मंदिरवा'. मुखडा जसाच्या तसा, अंतरा थोडा फिरवलेला. ही बंदिश मी क्लासमध्ये मुलांच्या मागे पेटीवर किती वेळा धरलीय त्याला गणती नाही, झोपेत वाजवेन. आणि तरी मी रडले. ती बाई फाटकाच्या गजाला हात लावून गात होती आणि मध्ये एका जागी तिने निषादावर श्वास सोडून दिला, सूर नाही, फक्त श्वास, मला अजून ऐकू येतोय.

घरी येऊन पत्रक काढून बघितलं. 'संगीत' म्हणून एकच नाव, बाकी एक अक्षर नाही. आणि जाहिरातीत 'कोरंकरकरीत नवं संगीत नाटक'. तेव्हापासून मन खट्टू झालंय. मला बंदिश वापरली म्हणून राग नाही, पण मग नक्की कसला त्रास होतोय ते कळत नाहीये. संगीत नाटकात ओरिजिनल म्हणजे नेमकं काय धरायचं? जाणत्यांनी सांगा.

देवलांच्या_गावचा

ताई, हरिपूरहून लिहितोय. गोविंद बल्लाळ देवल आमच्या गावचे, त्यामुळे हा विषय निघाला की गप्प बसवत नाही, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आमच्या घरी आजोबांचं किर्लोस्करांच्या सौभद्र नाटकाचं पुस्तक आहे, पानं इतकी पिवळी झालीत की उलटताना खाली तळहात धरावा लागतो नाहीतर कडा हातात येते. त्यात पदाच्या डोक्यावर बारीक टायपात राग आणि ताल छापलेत आणि त्यापुढे 'चाल' असं लिहून ज्या गाण्यावरून ती घेतली त्याची पहिली ओळ. कुठे कानडी गाणं, कुठे लावणी, कुठे साकी-दिंडी, कुठे कीर्तनातलं पद. म्हणजे नाटककार स्वतः छापून सांगतोय की बाबांनो ही चाल मी इथून आणली. गावोगावच्या मंडळ्यांकडे नोटेशन कुठलं असायला, त्या ओळीवरूनच पेटीवाल्याला चाल लागायची, आजोबा तसंच बसवायचे.

आता ओरिजिनलचं म्हणाल तर ३१ ऑक्टोबर १८८० ला अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात शाकुंतल लावलं त्यात गोष्ट कालिदासाची, गाणी घालून नाटक करायचं त्यांच्या मनात आलं ते इंद्रसभा हे उर्दू संगीत नाटक बघून असं जुने लोक सांगत आले, आणि चाली कानावर पडलेल्या. त्या हिशेबाने तुमचे वड्याच्या रांगेतले काका तेव्हा असते तर म्हणाले असते यात नवीन काय. पण त्याच्या आधी, १८४३ पासून इथे सांगलीला विष्णुदास भावे नाटकं करत होते, त्यात गायचं काम सूत्रधाराचं, पात्रं आपलं बोलून घ्यायची. किर्लोस्करांनी शकुंतलेला शकुंतलेचं गाणं दिलं. ज्याचं दुःख त्याच्याच गळ्यातून. हे आधी आपल्याकडे रुजलेलं नव्हतं आणि त्यासाठी त्यांना एकही नवीन चाल बांधावी लागली नाही.

देवलांचं सांगतो. संशयकल्लोळची गोष्ट फ्रेंच, मोलिएरची, १६६० ची. तिच्यावरून मर्फीने इंग्रजीत केलं, त्यावरून देवलांनी आधी गद्य फाल्गुनराव केलं आणि मग १९१६ ला त्याचं पदं घालून संशयकल्लोळ झालं. पण आमच्या गावात कोणाला विचारा फाल्गुनराव कुठला, तर इथलाच म्हणेल. देवलांनी माणसांची नावं महिन्यांवरून आणि नक्षत्रांवरून ठेवली, फाल्गुनराव, अश्विनशेठ, कृत्तिका, रेवती, नोकर भादव्या. पंचांग उघडून नावं काढली आणि पॅरिसची माणसं आपल्या ओटीवर येऊन बसली.

त्यामुळे माझ्या मते तुम्हाला त्रास होतोय तो चालीचा नाहीच, वरची ती बारीक टायपातली ओळ गेली त्याचा होतोय.

सरळ_बोलतो

वरचं सगळं वाचलं, माहिती भारी आहे, पण मला पटलं नाही. १८८० ची गोष्ट १८८० ला. तेव्हा रेकॉर्ड नव्हत्या, रेडिओ नव्हता, लोक कंपनी गावात येईपर्यंत वर्षभर थांबायचे, त्यामुळे चाल फिरत राहणं हाच एक मार्ग होता. आज माणूस ५०० रुपयांचं तिकीट काढतो, वर डोंबिवली ते ठाणे रिक्षा, आणि जाहिरातीत कोरंकरकरीत म्हणता तर मला कोरंच पाहिजे. संगीतकार हा शब्द ज्याने चाली बांधल्या त्याच्यासाठी आहे. गोविंदराव टेंब्यांनी १९११ ला मानापमान नाटकाला चाली दिल्या तेव्हापासून तर आपल्याकडे नाटककार वेगळा आणि संगीत देणारा वेगळा हे ठरायला लागलं ना. बंदिशी निवडून बसवल्या तर 'संगीत संयोजन' लिहा, त्यातही कमीपणा काही नाही. माझा मित्र एकांकिका स्पर्धांना संगीत करतो, रात्र रात्र जागून चाली बांधतो, त्याच्या नावापुढेही 'संगीत' आणि यांच्याही नावापुढे 'संगीत', हे मला बरोबर वाटत नाही.

देवलांच्या_गावचा

दादा, टेंब्यांचं नाव काढलंत म्हणून सांगतो, मानापमानातही त्यांनी उत्तरेकडच्या ठुमरी, कजरी, दादरा यांच्या वळणाच्या चाली आणल्या आणि ते कोणापासून लपलेलं नाही. १९१६ च्या स्वयंवर नाटकात भास्करबुवा बखल्यांनी तर अस्सल बंदिशीच पदांखाली घातल्या आणि त्याच चाली बालगंधर्वांच्या गळ्यातून घराघरात गेल्या. खेडेगावातल्या माणसाला यमन काय, बिहाग काय, हे त्या पदांनी शिकवलं. त्याला नुसतं संयोजन म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कोणती बंदिश रुक्मिणीच्या कुठल्या क्षणाला बसेल हे ओळखणं मोठंच काम आहे. बाकी तुमच्या मित्राबद्दल जे म्हणालात ते मात्र शंभर टक्के मान्य.

लालबागची_मी

मला वेगळीच तक्रार आहे आणि ती कोणीच केली नाही म्हणून लिहितेय. मी हे नाटक बघितलंय, शिवाजी मंदिरला, आणि माझे वडील त्या संपात होते. आमच्या चाळीत भीमपलास कोण गात होतं हो? आमच्याकडे दर शनिवारी मारुतीच्या देवळात भजन, पखवाज आणि चकवा ही वाद्यं, वडील झांज धरायचे. गणपतीत कोकणातून शक्ती-तुऱ्याची मंडळी यायची, गोल धरून नाचायची, सवाल-जवाब पहाटेपर्यंत. खालच्या मैदानात शाहिरांचे पोवाडे. अण्णाभाऊ, अमर शेख ही नावं आम्हाला शाळेच्या पुस्तकातून कळलेली नाहीत, घरात कळलीत. आणि उसनवारीचं म्हणाल तर आमचे भजनी बुवा पिक्चरच्या गाण्याच्या चालीवर गजर लावायचे आणि लोक आणखी जोरात टाळ्या वाजवायचे, कोणाच्या मनात चोरी वगैरे आलंच नाही कारण मूळ गाणं सगळ्यांनाच माहिती असायचं.

म्हणून चाल उचलली याचं मला काही नाही. पण गिरणगावाची गोष्ट सांगताय तर उचलायची ती गिरणगावातून उचला ना. माझ्या आईने फाटकाशी जाऊन वडिलांना बोलावलं असतं तर ती ख्यालाच्या अंगाने नसती गायली. तिने ओवी म्हटली असती, किंवा देवळातलं भजन. त्या नटीने जीव तोडून गायलं, माझ्याही डोळ्यात पाणी आलं, पण मनात एक टोचत राहिलं की हे आमचं दुःख दुसऱ्याच्या घरचे कपडे घालून आलंय.

पेटीवाली_डोंबिवली

लालबागची ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी शास्त्रीय शिकलेली म्हणून मला ती चाल घरची वाटली. तुमचं वाचून परत विचार करायला लागलेय.

फोंड्याचो_पात्रांव

गोव्यातून. आमच्याकडे देवळाच्या उत्सवाला गावचेच लोक रात्रभर संगीत नाटक करतात, दिवसा कोणी शिक्षक, कोणी बँकेत, कोणी काजूच्या बागेत, आणि रात्री धोतर-उपरणं घालून अश्विनशेठ. माझे काका तीस वर्षं फाल्गुनराव करत होते. समोर बसलेल्या म्हाताऱ्यांना नाटक पाठ, प्रॉम्प्टर चुकला तर पहिल्या रांगेतून शब्द येतो. अशा ठिकाणी चाल नवीन आहे का हा प्रश्नच नाही, चाल सगळ्यांना ठाऊक आहे, आता हा गडी तीत आपलं काय घालतो त्यावर माणसं कान लावून बसतात. एका वर्षी एक मुलगा आला, त्याने ठरलेल्या पदात एक तान पूर्ण घेतलीच नाही, मध्ये सोडून समेवर नुसता 'हं' म्हणून मान हलवली, आणि वन्समोअर मिळाला. काका घरी येऊन म्हणाले, आज मी हे पद पहिल्यांदा ऐकलं.

आणि मंगेशीचे आमचे अभिषेकीबुवा, त्यांनी संगीत दिलेलं 'कट्यार काळजात घुसली' आठवा. १९६७ चं, दारव्हेकर मास्तरांनी लिहिलेलं, दोन घराण्यांच्या गवयांची गोष्ट. 'घेई छंद मकरंद' हे एकच पद, शब्द तेच, पण पंडितजींच्या घराण्याची चाल वेगळी, ठाय म्हणजे संथ, आणि खाँसाहेबांची वेगळी, चपळ. प्रेक्षकाला भाषण न देता कळतं की ही दोन माणसं एकाच ओळीकडे कशी बघतात. आणि सगळं नाटकच मुळात यावर आहे की दुसऱ्याची गायकी कान देऊन घेणं ही चोरी की विद्या. पंडितजींचा शिष्य सदाशिव खाँसाहेबांचं गाणं चोरून ऐकून शिकतो आणि पकडला जातो. तुमच्या वड्याच्या रांगेतला वाद कट्यारमध्ये स्टेजवरच होऊन गेलाय.

मला विचाराल तर पेटीवाली बाय, तुम्ही ज्या श्वासाबद्दल लिहिलंत ना निषादावरचा, तो कुठल्या बंदिशीत होता? नव्हता. तो त्या नटीचा आणि दिग्दर्शकाचा.

काळा_कोट

कायद्याचं दोन ओळीत सांगतो कारण खाली कोणीतरी केस करा म्हणेल त्याआधी. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गाण्याचा आणि साहित्याचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. किर्लोस्कर १८८५ ला गेले, बखलेबुवा १९२२ ला, टेंबे १९५५ ला, म्हणजे या तिघांच्या चाली आता कोणीही वापरू शकतो. अभिषेकीबुवा १९९८ ला गेले, त्यांच्या चालींना हात लावायचा तर वारसांची परवानगी लागेल, २०५८ संपेपर्यंत. परंपरेतली जुनी बंदिश कोणाच्याच मालकीची नाही आणि राग तर नाहीच नाही. गोष्टीच्या कल्पनेवर हक्क नसतो, ती कशी मांडली त्यावर असतो, हे सुप्रीम कोर्टाने १९७८ ला आर. जी. आनंद यांच्या खटल्यात सांगितलं. ते स्वतः नाटककार होते, आपल्या नाटकावरून सिनेमा काढला अशी त्यांची तक्रार होती, आणि ते हरले.

तेव्हा तुमच्या नाटकवाल्यांनी कायदा कुठेच मोडलेला नाही. पण भीमपलासचं नाव लिहू नका असंही कायद्यात कुठे नाहीये.

सरळ_बोलतो

शेवटची ओळ बरोबर. मी केसचं म्हणतच नव्हतो, पत्रकावर एक ओळ वाढवा एवढंच म्हणतोय, शाई किती लागते त्याला.

जर्सीकर

इकडे न्यू जर्सीत राहतो, ब्रॉडवेला वर्षातून एकदोनदा जाणं होतं. इथे थिएटरात शिरताना हातात जे पुस्तक देतात त्यात कुठल्या अंकात कुठलं गाणं, कोण गातं याची यादी असते आणि कथा कशावरून घेतली ते नाटकाच्या नावाखालीच छापलेलं. हॅमिल्टन हे २०१५ चं संगीत नाटक, एवढं गाजलं, पण ते रॉन चेर्नोने लिहिलेल्या चरित्रावरून सुचलं हे त्यांनी पहिल्या दिवसापासून सांगितलं आणि कोणी त्याला कमी ओरिजिनल म्हटलं नाही. ब्रॉडवेच्या टोनी पुरस्कारात तर नाटकासाठी नव्याने लिहिलेल्या संगीताला वेगळं बक्षीस असतं, जुनीच गाजलेली गाणी घेऊन केलेली म्युझिकल त्यात बसत नाही, पण बेस्ट म्युझिकलला बसू शकते. मला ही सोय आवडते.

आणि आपल्याकडे हे नव्हतं असं नाही. पुण्याच्या थिएटर अकॅडमीने १९७८ ला पुलंचं तीन पैशाचा तमाशा केलं. ते मूळ जर्मन नाटककार ब्रेख्तचं, १९२८ चं, आणि ब्रेख्तने ते घेतलं १७२८ च्या जॉन गेच्या नाटकावरून. गेनेसुद्धा लोकांच्या तोंडी असलेल्या चालींवरच गाणी रचली होती. म्हणजे आपल्या सौभद्रासारखंच की. पण पुलंनी ब्रेख्तचं नाव कधी लपवलं नाही.

लालबागची_मी

जर्सीकर, आम्हाला इथे ए-फोरचं एक पान दुमडून देतात आणि त्याच्या अर्ध्यावर दागिन्यांच्या दुकानाची जाहिरात असते. पण जागा काढायची म्हटली तर निघते.

पेटीवाली_डोंबिवली

सगळ्यांचे मनापासून आभार, तीन दिवस हेच वाचतेय. एक गोष्ट काल रात्री सुचली ती लिहिते.

काल क्लासमध्ये एका नवीन मुलीला ती बंदिश सांगत होते, तिने सहज विचारलं ताई मंदिरवा म्हणजे देऊळ का? मी म्हटलं नाही गं, इथे मंदिर म्हणजे घर, जा आपल्या घरी. आणि बोलता बोलता मीच थांबले. जा आपल्या घरी! ती बाई फाटकाशी येऊन नवऱ्याला तेच तर सांगते. मूळ बंदिशीत ती त्याला रागाने हाकलते, माझ्या दारातून जा, तुझ्या घरी जा. इथे ती त्याला गिरणीच्या दारातून उठवतेय, की हे तुझं घर नाही, आपल्या घरी चल. म्हणजे संगीतकाराने चाल सोपी पडली म्हणून उचललेली नाही. त्याने विचार करून हीच बंदिश घेतलीय आणि तिचा अर्थ उलटा करून वापरलाय, आणि ज्याला बंदिश माहिती आहे त्याला ते शब्द न उच्चारता ऐकू येणार. मला मात्र शनिवारी ते ऐकू आलं नाही कारण मी चोरी पकडली या नादात होते.

पण मग आणखी वाईट वाटलं. इतकं सुंदर काम केलंय आणि पत्रकावर त्याची एक ओळ नाही! त्या पदाच्या डोक्यावर 'चाल: जा जा रे अपने मंदिरवा' एवढं छापलं असतं तर त्या कॉलेजच्या मुलीने घरी जाऊन बंदिश ऐकली असती आणि तिला दुसऱ्यांदा रडू आलं असतं. नाव लिहिल्याने त्याचं श्रेय कमी झालं नसतं, लोकांना कळलं असतं की याने काय केलंय.

लालबागची ताईंचं म्हणणं मात्र माझ्याकडून सुटत नाहीये. अर्थ कितीही बसला तरी तो आमच्यासारख्या क्लासवाल्यांनाच कळणार, ज्यांची गोष्ट आहे त्यांना नाही. याला माझ्याकडे उत्तर नाही.

रविवारी दुपारचा प्रयोग आहे ठाण्याला, गडकरी रंगायतनला. मी बाबांना घेऊन परत जातेय आणि प्रयोग संपल्यावर आत जाऊन संगीतकाराला भेटून हे सगळं सांगणार आहे, भांडायला नाही, विनंती करायला. हरिपूरच्या काकांना एक विचारायचं होतं, त्या पुस्तकाच्या एका पानाचा फोटो मिळेल का? तोंडी सांगण्यापेक्षा त्यांना ते बारीक टायप दाखवलेलं बरं.

देवलांच्या_गावचा

देतो की. नातू संध्याकाळी येतो, त्याच्याकडून काढून घेतो, माझ्या फोनवर अक्षरं लागत नाहीत. 'पांडुनृपति जनक जया'चं पान देऊ का, ते अजून शाबूत आहे.

लालबागची_मी

पेटीवाली, मी पण येते रविवारी. मला त्यांना भजनी मंडळाबद्दल सांगायचंय. वडिलांची झांज घरी आहे, घेऊनच येते.

फोंड्याचो_पात्रांव

काय म्हणाले ते इथे येऊन सांगा, वाट बघतोय.